चिपळूणची सफाई : कोरोनाचा धोका कचऱ्यात कमी, टेम्पोत जास्त

२०२१ मध्ये २१ जुलैला ईद-उल-अज़हा झाली आणि त्याच रात्री कोकणात पावसानं कहर केला. २२ तारखेला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तिकडे महाडला सावित्रीनं वेढा घातला. महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. २००५ चा पूर पाहिलेली जुनी माणसंसुद्धा या वेळी हबकली.

पाणी ओसरलं आणि मागे उरला चिखल. दुकानांतलं भिजलेलं धान्य, गाद्या, औषधांचे खोके, फुटक्या काचा, वीज गेल्यामुळे फ्रीजमध्ये सडलेलं कुर्बानीचं गोश्त, सगळं रस्त्यावर आलं. एवढा कचरा उचलणं एकट्या नगरपालिकेच्या आवाक्यातलं नव्हतंच. मुंबई-मुंब्र्यापासून गावोगावचे तरुण फावडी-घमेली घेऊन निघाले, त्यात आपली मुलं मोठ्या संख्येनं होती. मंदिर, मशीद, दुकान, घर असं न पाहता त्यांनी चिखल काढला. याचा आम्हाला अभिमान आहे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा सदका आहे, हे आपल्याकडे मक्तबमध्ये जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

तरीही काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. तेव्हा दुसरी लाट ओसरली असली तरी कोरोना गेलेला नव्हता. जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लसचे जे पहिले रुग्ण सापडले, त्यात रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता. आणि जी मुलं चिखलात उतरली त्यांच्या लसीचा हिशोब जरा मांडून पाहा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मे ला सुरू झालं, लस नाही म्हणून राज्यात १२ मे पासून थांबलं, जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे २२ जूनला ज्यानं पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येतच नव्हता. मोबाईलवर सर्टिफिकेट आहे म्हणून निर्धास्त झालेले बरेचसे तरुण तेव्हा अर्धेच सुरक्षित होते.

मग भीती नेमकी कशाची बाळगायची? २०२० मध्ये आपण दुधाच्या पिशव्या आणि भाजी धुवत बसलो होतो. विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, असं तेव्हाच्या प्रयोगात दिसलं होतं. पण प्रयोगशाळेत सापडणं वेगळं आणि त्यानं माणूस आजारी पडणं वेगळं. अमेरिकेच्या सीडीसीनं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यानं संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. उघड्या रस्त्यावर, हातभर अंतर ठेवून फावडं मारणाऱ्याला कोरोनाचा धोका फार नाही. धोका आहे तो ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत पंचवीस जण कोंबून पाच-सहा तास प्रवास करण्यात, रात्री एकाच हॉलमध्ये अंगाला अंग लावून झोपण्यात, आणि मास्क काढून एकाच थाळ्याभोवती जेवायला बसण्यात. एका थाळ्यात खाणं ही आपली बरकतीची रीत, पण साथीच्या काळात प्रत्येकाचं ताट वेगळं असू द्या. टेम्पोत माणसं निम्मी न्या, ताडपत्री बाजूला बांधा, पाऊस आत आला तर येऊ द्या. त्यासाठी दोन फेऱ्यांचं डिझेल लागेल; ते देणारे दानशूर आपल्यात आहेत.

मास्कचं एक कुणी सांगत नाही. भिजलेला मास्क कामाचा राहत नाही, वर श्वास कोंडतो. कोकणातल्या पावसात दिवसाला तीन-चार मास्क लागणार. ते कोरडे राहतील अशा पिशवीत न्या, आणि वापरलेले तिथेच चिखलात टाकू नका. कोरोनाकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती की मास्क-हातमोजे कापून, कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मगच कचऱ्यात द्यावेत. आपला कचरा उद्या कुणीतरी सफाई कामगारच उघड्या हातानं उचलणार आहे.

कचऱ्यातला खरा शत्रू वेगळाच आहे. पुराच्या पाण्यात उंदीर-गुरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टो होतो, आणि तो पायाच्या छोट्याशा जखमेतूनही शिरतो. चपला घालून चिखलात उतरू नका. गमबूट आणि जाड रबरी हातमोजे नसतील तर त्या दिवशी जेवण वाटपाचं काम करा, तेही खिदमतच आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधी घ्या आणि डॉक्सिसायक्लिनबद्दल डॉक्टरांना विचारा. मित्रानं दिली म्हणून गोळी गिळू नका. सडलेलं गोश्त आणि मेलेली जनावरं नदीत ढकलण्याचा मोह होतो. वाशिष्ठीनं त्या पुरात सगळं परत आणून दिलं, तेव्हा नगरपालिका सांगेल तिथे खड्डा करून पुरा.

आमच्यातलेच काही म्हणतात, एवढं घाबरायचं तर जायचंच कशाला, मौत-जिंदगी अल्लाहच्या हातात आहे. साथ पसरल्याचं कळल्यावर हजरत उमर (रजि.) शामच्या सरहद्दीवरून मागे फिरले होते. तकदीरीपासून पळताय का, हा सवाल तेव्हा त्यांनाही झाला होता; तरी ते फिरलेच. २०२१ मध्ये साथ सगळीकडे होती, त्यामुळे मागे फिरायला जागा नव्हती. जाऊ, पण बंदोबस्तानं जाऊ.

आणखी एक, जरा कडू. २०२० मध्ये तबलीगच्या नावानं अख्ख्या समाजाला कोरोना पसरवणारे ठरवलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. पण निकाल किती जणांनी वाचला? त्या बदनामीला उत्तर म्हणून पुरानंतर चिखलातले फोटो फिरले, ते समजण्यासारखं आहे. मात्र फोटोसाठी मास्क खाली ओढून खांद्याला खांदा लावून उभं राहणं बंद करा. उद्या त्यातले दोघे पॉझिटिव्ह निघाले तर तोच फोटो कशासाठी फिरेल, ते वेगळं सांगायला नको.

घरी परतल्यावर कपडे दाराशीच साबणाच्या पाण्यात टाका, आंघोळ करा, आठवडाभर दादा-दादींच्या खोलीपासून लांब राहा. आयांना विनंती, पोरगं सवाबाचं काम करून आलंय म्हणून लगेच सगळ्यांच्या पंगतीत बसवू नका. पुढचे तीन-चार आठवडे ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखू लागल्या तर कोरोनाची टेस्ट करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून घरी पडून राहू नका. लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर किडनी आणि लिव्हरवर जातो. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी चिपळूणला पुराच्या चिखलात काम करून आलोय.