आधी बाईंचं ऐका!

६ जानेवारी २०२३. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं न्यूपोर्ट न्यूज शहर. तिथल्या रिचनेक या सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात सहा वर्षांच्या मुलानं पिस्तूल काढून बाईंवर गोळी झाडली. गोळी हातातून छातीत शिरली. तशाही अवस्थेत त्यांनी मुलांना बाहेर काढलं.

मुलाजवळ शस्त्र असावं, हे शिक्षकांनी त्याच दिवशी वर कळवलं होतं. दप्तर तपासलं, खिसे नाहीत! पुढे दारात धातुशोधक यंत्रं आली. येवोत बापडी. पण यंत्राआधी माणसांना संशय आला होता, त्याचं काय? शिक्षकानं भीती बोलून दाखवली, की त्याला वर्ग आवरत नाही असं समजायचं, हीच खरी खोड.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्यूरीनं तत्कालीन उपमुख्याध्यापिकेला जबाबदार धरून एक कोटी डॉलरची भरपाई ठरवली. बाईंनी शिकवणं केव्हाच सोडलं होतं.