मागच्या सीटवरून



मनालीहून लेहला निघालं की चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळ तांदी लागतं. तिथल्या पेट्रोल पंपावरचा फलक वर्षानुवर्षं सांगत आला आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. मोटारसायकलवरून आलेल्या जोडप्याचा खरा प्रवास इथून सुरू होतो. पुढे 4,890 मीटरवरची बारालाचा खिंड, सरचूचं उघडंबोडकं पठार, गाटा लूप्सची 21 वळणं आणि 5,300 मीटरहून उंच तांगलांग ला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. बर्फ वितळतं, सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी गुडघ्याला लागतो, म्हणून निघायचं ते पहाटेच.

अशा प्रवासांची वर्णनं बहुधा गाडी चालवणाऱ्याची असतात. मला हा अन्याय वाटतो. नाल्यात उतरून दगड चाचपायचे, गाडी ढकलायची, वाट विचारायची, ही कामं मागे बसणाऱ्याची. चालवणाऱ्याचं बोलणं अडखळू लागलंय, हे मागच्यालाच, खरं तर बहुतेकदा तिलाच, आधी जाणवतं. उंचीचा त्रास तब्येत पाहून येत नाही आणि ज्याला होतो तो सहसा कबूल करत नाही. अशा वेळी तिने ‘थांबू या’ म्हटलं की थांबायचं, त्यावर चर्चा नको.

म्हणूनच या अंकातले लेख मागच्या सीटवरून लिहिलेले आहेत. यंदा तुम्ही निघणार असाल, तर त्याआधी दोघंही गाडी चालवायला आणि पंक्चर काढायला शिका. लायसन्सही दोघांचं असू द्या.