‘आलोंच’, ‘पाहूं’ आणि ‘सावधान’

मोठ्या संकटांत मनुष्य धीर धरतो आणि लहानशा त्रासानें त्याचा तोल जातो, हा अनुभव कोणास नाहीं ? १९७२ सालचा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनीं सोसला. २०१२-१३ सालीं जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तरी पुष्कळ शेतकऱ्यांनीं पुन्हां खड्डे खणून नवीं रोपें लावलीं. परंतु अशाच एखाद्या धीराच्या गृहस्थाच्या दारासमोर शेजाऱ्यानें मोटारसायकल आडवी लावली, कीं त्याचा संताप अनावर होतो. डोंगर चढून जाणारा पुरुष चपलेंतील खड्यानें बेजार व्हावा, त्यांतलाच हा प्रकार.

अशा खड्यांची यादी करावयास बसलें, तर ह्या अंकाचीं सारीं पानें पुरावयाचीं नाहींत. एस. टी.च्या गाडींत शेजारचा प्रवासी मोबाईलवरील गाणीं सर्वांस ऐकवितो. तिकिटाच्या रांगेंत कोणी मध्येंच शिरतो. वर्गांतील मित्र पेन नेतो आणि टोपण तेवढें परत देतो. शिंपी सणाचे कपडे सण उलटल्यावर हातीं ठेवतो. ह्या गोष्टींनीं कोणाचा प्राण जात नाहीं. पण आम्हीं थोडें लक्ष देऊन पाहिलें, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. ह्यांतील बहुतेक त्रासांच्या पाठीमागें एक ठराविक वाक्य उभें असतें. गाडी आडवी लावणारा म्हणतो, ‘दोनच मिनिटें !’ पेन नेणारा म्हणतो, ‘आत्तां देतों !’ शिंपी म्हणतो, ‘उद्यां नक्की !’ आणि ज्याची वाट पाहून डोळे शिणतात, तो म्हणतो, ‘हा काय, आलोंच !’ खरें सांगावयाचें तर, दोन मिनिटांचीं वीस मिनिटें झालीं ह्याचें दुःख थोडें असतें. बोलणाऱ्याच्या मनांत तीं दोन मिनिटें मुळींच नव्हतीं, हें मनाला लागतें.

अशा क्षुल्लक गोष्टींचा विचार करणें हें रिकामटेकड्याचें काम, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही आमच्याच जिल्ह्याची साक्ष देतों. घनसावंगी तालुक्यांतील जांब ह्या गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या ‘दासबोधां’त वीस दशक आणि दोनशें समास आहेत. परमार्थाच्या एवढ्या थोर ग्रंथांत दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खांच्या लक्षणांस दिलेला आहे, आणि त्यांतील पुष्कळ मूर्ख कांहीं मोठे अपराधी नव्हेत. कोणी कारणावांचून हंसतो, कोणी आपली आपणच स्तुति करतो, कोणी दोघे बोलत असतां तिसरा म्हणून मध्यें जाऊन बसतो. तुमच्याआमच्या रोजच्या डोकेदुखीचींच हीं माणसें ! त्याच दशकाच्या शेवटच्या समासांत समर्थांनीं पढतमूर्खाचींहि लक्षणें सांगितलीं आहेत. तेव्हां विद्यार्थ्यांनीं आणि आम्हां शिक्षकांनीं ‘आपण सुटलों’ असें समजूं नये.

शाळेंतच पाहा. वक्तृत्वस्पर्धेंत दहा वर्षांचा मुलगा उभा राहतो, ‘अध्यक्षमहाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथें जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इतकें एका दमांत म्हणतो, आपले ‘दोन शब्द’ शांत चित्तानें ऐकून घेण्याची नम्र विनंती करतो, आणि नेमके ते दोन शब्दच विसरतो. रजेच्या अर्जांत मुलांचें पोट ‘वरील विषयास अनुसरून’ दुखतें. निबंधांतील प्रत्येक पहाट सोनेरी किरणांची उधळण करीत येते, मग त्या दिवशीं जालन्यावर सकाळपासून ढग कां असेनात ! आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकावर ‘प्रगति समाधानकारक’ असें लिहितों, आणि समाधान कोणाचें झालें हें सांगत नाहीं. घरीं मूल सहलीची परवानगी मागतें, वडील म्हणतात, ‘पाहूं !’ कोणी निवर्तल्याची वार्ता मोबाईलवर आली, कीं एकाखालीं एक तीच ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’ उमटते, आणि गेलेल्या माणसाचें नांव धड वाचलें होतें कीं नाहीं, अशी शंका येते.

ही खोड आजची नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जालना निजामाच्या राज्यांत होतें आणि कचेरीची भाषा उर्दू होती. ज्यास ती येत नसे, तो मराठी शेतकरी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेई, आणि त्याच्या दोन ओळींच्या गाऱ्हाण्याआधीं अदबीच्या शब्दांची रास पडे. पुढें १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, कचेरींत मराठी बसली. ‘हुजूर’ गेले आणि ‘महोदय’ आले. भाषा बदलली, पण साचा पुष्कळसा तसाच राहिला.

मग काय, ठराविक वाक्य कधीं बोलूंच नये ? आमचें म्हणणें तसें नाहीं. निघतांना आपण ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणतों. तें असत्य नव्हे, कारण दारांत उभी राहून निरोप देणारी आजी त्यानंतर ताट वाढून बसत नाहीं. पाहुण्यास ‘बसा, पाणी घ्या’ असें हजार वेळां म्हटलें तरी तें शिळें होत नाहीं, कारण त्यामागोमाग पाण्याचा तांब्या येतो. वाक्य जुनें असणें हा दोष नव्हे. आमची कसोटी एकच आहे : त्या शब्दावर कोणी वाट पाहत बसलें आहे काय ? बसलें असेल, तर तो शब्द शिष्टाचाराचा नसून वचनाचा आहे; आणि वचन हें सवयीनें द्यावयाची वस्तु नव्हे.

त्या २०१२-१३ च्या टंचाईंत जिल्ह्यांतील गांवोगांवीं पाणी टँकरनें येई. ‘टँकर आलाच’ ह्या दोन शब्दांवर बायका हातचें काम टाकून घागरी घेऊन रांगेंत बसत, आणि मुलांची शाळा बुडे. ‘आलाच’ ह्यांतील ‘च’ ची किंमत काय असते, हें उन्हांत त्या रांगेंत जो बसला त्यास विचारावें.

पालकहो, तशीच एक लहान रांग आम्ही दररोज पाहतों. शाळा सुटल्यावर फाटकाजवळ एखादें मूल दप्तर मांडीवर घेऊन बसलेलें असतें. आम्ही घरीं फोन करतों, उत्तर येतें, ‘निघालोंच !’ आम्ही तें मुलास सांगतों. पहिल्या वर्षीं तें मूल लगेच उठतें आणि दप्तर खांद्याला लावतें. दुसऱ्या वर्षीं तें ऐकतें आणि बसूनच राहतें. त्या एका वर्षांत तें काय शिकलें, ह्याची नोंद कोणत्याहि प्रगतिपुस्तकांत नसते. पण धडा पक्का झालेला असतो. तीस वर्षांनीं खाटेवर पडलेला म्हातारा बाप हांक मारील, आणि आंतल्या खोलींतून त्याचाच शब्द त्यास परत मिळेल, ‘आलोंच !’

समर्थांच्या बालपणाची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता. मंगलाष्टकांच्या वेळीं ‘सावधान’ हा शब्द कानीं पडला आणि मुलगा खरोखरच सावध होऊन मंडपांतून निघून गेला. आख्यायिका म्हणूनच आम्ही ती सांगतों, आणि मुलांनीं मंडप सोडून पळावें असा आमचा उपदेश नाहीं. तिचें मर्म इतकेंच, कीं जो शब्द मंडपांतील वडील माणसांनीं शेंकडों वेळां ऐकला होता, तो एका मुलानें अर्थासह ऐकला.

आमच्या शाळेंत रोज प्रार्थना होते आणि शेवटीं सारे ‘आमेन’ म्हणतात. ह्या इब्री शब्दाचा अर्थ ‘तसें होवो’ असा आहे. पुष्कळ मुलांच्या मुखीं मात्र ‘आतां वर्गांत चला’ इतकाच त्याचा अर्थ उरतो. ज्या प्रभूच्या नांवानें ही शाळा चालते, त्यानें डोंगरावरील प्रवचनांत प्रार्थनेमधील पोकळ बडबडीचा निषेध केला. आणि शपथा वाहण्यापेक्षां माणसाचें ‘होय’ तें होय व ‘नाहीं’ तें नाहीं एवढेंच असावें, असें शिकविलें. धर्म निरनिराळे असोत. बोलल्या शब्दाला जागावें, ह्याविषयीं दोन मतें नाहींत.

म्हणून नव्या वर्षासाठीं आम्ही तीन लहान नियम सुचवितों. मिनिटें सांगावयाचीं असल्यास घड्याळ पाहून सांगावीं. द्यावयाचें नसेल तर ‘पाहूं’ न म्हणतां गोडीनें ‘नाहीं’ म्हणावें. मूल थोडा वेळ रडेल, पण फसणार नाहीं. दुःखितास कांहीं लिहावयाचें असल्यास गेलेल्या माणसाची आपणांस आठवणारी एक गोष्ट लिहावी. तशी कांहींच आठवत नसेल, तर जाऊन त्याच्याजवळ थोडा वेळ बसावें.

आमचा वांटाहि आम्ही उचलतों. यंदा प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ हा शब्द आम्ही लिहिणार नाहीं. चुकून आढळलाच, तर पालकांनीं शाळेंत येऊन ‘समाधान कोणाचें ?’ असें आम्हांस खुशाल विचारावें. मात्र ‘येतों’ म्हणाल, तर या.