आमचा दसरा कोणी काढायचा?

घटस्थापनेपूर्वी गोधड्यांपासून भांड्यांपर्यंत सारे घर धुऊन काढणे म्हणजे आमच्याकडे 'दसरा काढणे'. चाकणजवळच्या आमच्या जुन्या घराचा दसरा आजी गेल्यापासून ३ वर्षे निघालाच नव्हता. यंदा पिंपरीहून आई व मी गेलो. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या गोधड्या, कांद्याची कुजकी पोती, तुळयांना वाळवी! १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला ५० हून अधिक दिवस लढवला. मी मात्र दुपारपूर्वीच हातपाय गाळले. आई म्हणाली, "आधी देवळी पूस. मग पुढचं बघू."

काका म्हणतात, घराची रया गेली, विकून टाका. मला हे पटत नाही. घर पडीक झाले ते वाळवीने नव्हे. कारखान्याच्या पाळीला भोंगा तरी असतो. आजीच्या पाळीला तो नव्हता, आणि ती गेल्यावर तिच्या जागी कोणी हजर झाले नाही. मीही नाही. घरातला पहिला कॉलेजकुमार म्हणून मला केरसुणीला हातच लावू देत नसत, आणि खरे सांगायचे तर ते मला आवडे!

संध्याकाळी वडील पहिली पाळी करून आले, ओट्यावर टेकले. मी केरसुणी पुढे केली. ते माझ्याकडे पाहत राहिले; मग सदरा खुंटीला अडकवून माळ्यावर चढले.