उशी निवडा मानेच्या मापानं

घोरणं बंद करण्याची हमी देणाऱ्या उशा हल्ली सर्रास विकल्या जातात. अशी हमी कोणतीच उशी देऊ शकत नाही. पण म्हणून ‘उशीनं काय होतंय?’ म्हणत हात झटकणाऱ्यांचंही मला पटत नाही. दोघंही घोरणं मुळात होतं कसं, हे बघत नाहीत.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ स्वतःच्या भारानं मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेनं मऊ टाळू व पडजीभ थरथरते. तोच आवाज. आता विक्रेत्यांचा लाडका दाखला घ्या : ‘नासाचं तंत्रज्ञान’. मेमरी फोम १९६६ मध्ये नासासाठी तयार झाला, हे खरं आहे. पण तो विमानाच्या आसनांसाठी, धक्के शोषून घ्यायला. पडजिभेशी त्याचा काही संबंध नाही. उशीत फोम आहे, कापूस आहे की सावरी, यावर घोरणं ठरत नाही. तिच्यावर मान कशी राहते आणि माणूस कुशीवर टिकतो का, यावर ठरतं.

‘घोरतोस ना, मग दोन उशा घे,’ हा घरचा सल्लाही याच कसोटीवर फसतो. दोन उशांनी नुसतं डोकं वर जातं, हनुवटी छातीकडे झुकते, मान दुमडते आणि वाट आणखी आवळते. उंची हवीच असेल तर पाठीपासून द्यावी. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली पक्के लाकडी ठोकळे ठेवले तर पूर्ण धड उतरतं राहतं, मान सरळ राहते. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टर हेच सांगतात.

उताणं झोपल्यावरच जे घोरतात, त्यांना कुशीवर झोपण्यानं खरोखर फरक पडतो, आणि तिथे उशीचं काम सुरू होतं. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत जेवढी पोकळी, तेवढी उशी हवी, तीही डोक्याच्या भारानं दबल्यावर. रुंद खांद्याच्या माणसाला बायकोची चपटी उशी पुरत नाही. डोकं खाली लोंबतं, खांदा अवघडतो आणि तो झोपेतच उताणा होतो. विकत घेण्याआधी माप घरीच काढा. जुन्या उशीवर चादरीच्या घड्या चढवत कुशीवर पडा आणि कुणाला तरी समोरून बघायला सांगा. नाक आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत आलं की ती तुमची उंची. कापसाची उशी फार भरली असेल तर टाकू नका. कडेची शिवण उसवून मूठ-दोन मूठ कापूस काढा, परत टाके घाला. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या उशीची ही सोय कारखान्यातल्या फोमला नाही. पाठीशी एक लोड लावला की कूसही बदलत नाही.

रात्रीची दारू, वाढलेलं वजन, चोंदलेलं नाक यांवर मात्र उशीचा इलाज नाही.

आणि सगळ्यात घातक समज म्हणजे ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’. घोरता घोरता आवाज अचानक बंद पडतो, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वासच थांबतो, मग माणूस दचकून हवा ओढतो. हा स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच विकाराचं नाव घेतलं होतं. यावर सीपॅप यंत्र आहे. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते मांडलं. मुखवट्यातून हवेचा दाब देऊन ते घसा रात्रभर उघडा ठेवतं. हे काम कोणत्याही उशीला जमणार नाही.

घरात कुणी घोरत असेल तर आज रात्री थोडं जागून त्याचा श्वास ऐका. मध्येच तो थांबत असेल, किंवा माणूस दिवसा गाडी चालवताना पेंगत असेल, तर उशीची खरेदी राहू द्या. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि झोपेची तपासणी करून घ्या.