डेटाबेस ‘नाही’ म्हणतो, ते तुमच्या भल्याचं आहे



कोपर स्टेशनवर कुणी विचारलं, “गाडी किती नंबरला येते?” तर आपण आधी विचारतो, “कुठली गाडी?” कारण खाली ठाणे-कल्याणची लाइन आणि वर दिवा-वसईची. उगाच अंदाजाने एक नंबर सांगितला, तर समोरच्याची गाडी चुकते.

तुमच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरमागचा डेटाबेसही असाच उलटा प्रश्न विचारणारा हवा. समजा, तुम्हाला उधारीचा रिपोर्ट हवाय: प्रत्येक गिऱ्हाइकाची एकूण बाकी आणि बिलाची तारीख. एसक्यूएलमध्ये यासाठी ‘ग्रुप बाय’ लावतात. बाकीची बेरीज एकच येते. पण गिऱ्हाइकाची बिलं बारा, म्हणजे तारखाही बारा. रिपोर्टच्या एका ओळीत त्यातली कुठली दाखवायची? ते तर आपण सांगितलेलंच नाही!

पोस्टग्रेस इथे सरळ एरर देतं. मायएसक्यूएल मात्र पूर्वी त्यातली कुठलीही एक तारीख उचलून द्यायचं. रिपोर्ट दिसायला झकास. तुम्ही ती शेवटची तारीख समजून म्हणता, “हा सहा महिने फिरकलाच नाही, उधारी बंद!” आणि तो बिचारा गेल्याच आठवड्यात माल घेऊन गेलेला असतो. जुनं गिऱ्हाईक असंच तुटतं.

2015 साली आलेल्या 5.7 आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा नियम आधीपासूनच चालू असतो. असा अर्धवट प्रश्न चालवण्याआधीच 1055 नंबरची एरर येते. नवीन सर्व्हरवर गेल्यावर जुने रिपोर्ट बंद पडतात ते बरेचदा यामुळेच. मग सॉफ्टवेअरवाला सेटिंगमधून नियमच बंद करतो. रिपोर्ट सुरू, सगळे खूश.

माझं स्पष्ट मत: असं करू देऊ नका. चूक तशीच राहते, फक्त दिसायची थांबते.

“पण नियम जाचक आहे,” असं काही जण म्हणतील. तितका नाही. गिऱ्हाइकाच्या आयडीवर, म्हणजे प्रायमरी कीवर ग्रुप केलं, तर त्याच टेबलमधलं नाव आणि फोन नंबर मागता येतो, कारण एका आयडीला नाव एकच. अडवलं जातं ते बहुतेकदा खरोखर संदिग्ध असलेलंच.

तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच विचारा: “रिपोर्टमधली तारीख पहिल्या बिलाची की शेवटच्या?” शेवटची हवी असेल तर ‘मॅक्स’ लावायचं, पहिली हवी तर ‘मिन’. एका शब्दाचं काम आहे. आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये सर्रास असणारं एसक्यूलाइट आजही असा अर्धवट प्रश्न खपवून घेतं. तिथे एरर येणारच नाही, म्हणून दोन-चार गिऱ्हाइकांचा हिशोब वहीशी ताडून बघा.

एरर आली तर दहा मिनिटं जातात. चुकीची तारीख आली तर गिऱ्हाईक जातं. काय परवडतं, ते तुम्हीच ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!