त्या सुराचा धनी कोण?

गेल्या श्रावणात आमच्या भजनी मंडळाकडे एक पाहुणा आला. शहरातल्या कुठल्याशा जाहिरातवाल्या कंपनीचा तरुण मुलगा. पाठीला सॅक, हातात माईक. भजन नको म्हणाला, जात्यावरच्या ओव्या हव्यात. जाहिरातींना, नेटवरच्या व्हिडिओंना हल्ली ‘गावाकडचा अस्सल आवाज’ लागतो म्हणे. आम्ही अकरा जणी. प्रत्येकीला एक साडी आणि पाचशे रुपये. मंडळात आनंदीआनंद! कुठल्या रंगाची साडी, इथपर्यंत चर्चा गेली. मग त्याने दीड पानाचा इंग्रजी कागद पुढे केला. “फक्त सही करा मावशी, फॉर्मॅलिटी आहे.”

दहा जणी पेन शोधायला लागल्या. मी मात्र थबकले. फार शहाणी आहे म्हणून नव्हे हं, त्याच उन्हाळ्यात हात पोळले होते म्हणून.

झालं असं, की आमच्या बचत गटाच्या कुरडया-पापडांचा एक छोटा व्हिडिओ भाचीने तयार केला होता. मागे एका नव्या सिनेमातलं झकास गाणं लावलं आणि नेटवर टाकला. चार दिवस कौतुक झालं, पाचव्या दिवशी सूचना आली: गाण्याचा मालक दुसरा आहे. व्हिडिओचा आवाजच बंद! आम्ही आपल्या मुक्याने पापड लाटतोय, तोंडं हलतायत, भाव सांगतोय तोही ऐकू येत नाही. भाची रडकुंडीला आली. “अगं आत्या, तीस सेकंदांपेक्षा कमी गाणं घेतलं तर चालतं, सगळे सांगतात!”

सगळे सांगतात, पण कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नाही. त्या प्रकरणानंतर मी आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी जे समजावलं ते आपल्या भाषेत सांगते.

गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. लोणच्याचंच घ्या ना. कृती एकीची असते आणि त्या कृतीने घालून ठेवलेली बरणी दुसरीची असू शकते. शब्द आणि चाल ही झाली कृती. रेकॉर्डिंग ही बरणी. सिनेमात, जाहिरातीत किंवा व्हिडिओत गाणं वापरायचं तर दोन्हींची परवानगी लागते. “मग आम्हीच गाऊन टाकतो,” म्हटलं, तर बरणी आपली झाली, पण कृती अजून दुसऱ्याचीच. “जुनं गाणं आहे, त्याला कोण विचारतंय?” हेही खरं नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो आणि शब्द, चाल यांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या, चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लग्नाच्या वरातीत, हळदीत गाणी वाजवायला कायद्यातच सूट आहे, ती बिनधास्त वाजवा. पण त्याच वरातीचा व्हिडिओ नेटवर चढवला की ती सूट मांडवातच राहते. यूट्यूबवर तर २००७ पासून यंत्रच गाणी ओळखतं. मालकाने ठरवलं तर व्हिडिओच्या कमाईचे पैसे त्याच्याकडे वळतात, नाहीतर व्हिडिओ अडवला जातो.

मग आपल्यासारख्यांनी करायचं काय? तर तयार संगीताची दुकानं असतात. हे मला नवीनच होतं. लंडनमध्ये डी वुल्फ नावाची कंपनी १९०९ मध्ये सुरू झाली, मूकपटांच्या काळात, पडद्यासमोर वाजवायला लागणाऱ्या संगीतासाठी. आनंदाचं, भीतीचं, पाठलागाचं असं संगीत आधीच करून ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने मोल देऊन वापरायचं. आज जगभर असे साठे आहेत. किंमत ठरते ती कुठे वापरणार, किती दिवस, एका राज्यात की जगभर, यावर. ‘रॉयल्टी फ्री’ लिहिलेलं असलं म्हणजे फुकट नव्हे. बहुतेकदा एकदाच पैसे भरायचे, पुन्हा पुन्हा नाही, एवढाच अर्थ. खरोखर फुकट संगीतही मिळतं, यूट्यूबच्या स्वतःच्या साठ्यात आहे. काहींना फक्त खाली कलाकाराचं नाव लिहावं लागतं. पापडांचा व्हिडिओ आम्ही तसंच संगीत लावून पुन्हा टाकला.

पण या साठ्यांची एक गंमत आहे. तीच ती सतार, तोच तो तबला, शंभर व्हिडिओंना एकच सूर. ऐकून ऐकून लोक कंटाळतात. मग वेगळा, कुणाकडे नसलेला आवाज शोधला जातो आणि अशा आवाजाला चांगलं मोल येतं. तो मुलगा आमच्या गल्लीत उगाच नव्हता आला!

कागद वकीलबाईंना दाखवला. त्यात लिहिलं होतं: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमचे. म्हणजे आमच्या आवाजावर ती कंपनी उद्या तेल विकणार, परवा साबण विकणार, सिनेमावाल्याला भाड्याने देणार, आणि आमच्या कपाटात एक साडी. नाव कुठेच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते जरा नीट वाचा, उपयोगी आहे. परंपरेने आलेली ओवी कुणा एकाच्या मालकीची नाही. पण ती गाणारीचा स्वतःच्या गाण्यावर हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. २०१२ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून त्या गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर तिला रॉयल्टीचाही हक्क आहे, आणि गाणारी म्हणून आपलं नाव लावा असं सांगण्याचाही. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द अशा कागदांत आवर्जून घातलेले असतात.

आणि आमच्या मंडळातल्या आजी? त्या तर स्वतःच ओव्या रचतात. लेक सासरी गेल्यावर रचलेल्या, नवरा गेल्यावर रचलेल्या. त्यांचे शब्द त्यांच्याच मालकीचे, त्यासाठी कुठे नोंदणीही सक्तीची नाही. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “बाई, दुःखाची पण मालकी असती व्हय?” काय उत्तर देणार!

“एवढं काय ताणायचं? कौतुकाने विचारतोय बिचारा,” असं आमच्यातल्याच दोघी-तिघींचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही. गाण्याचे पैसे मागणं म्हणजे हावरटपणा, असं आपल्या मनावर कोरलेलं आहे. साक्षात लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी बिनसलं, काही वर्षं दोघे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांचं म्हणणं, एकदा पैसे घेतले की विषय संपला. माणूस म्हणून ते किती उमदे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण या बाबतीत मी लताबाईंच्या बाजूची.

शिवाय मान देऊन ओव्या घेता येतात, हे आपल्याच महाराष्ट्रात घडलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या येतात, गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी.

आम्ही त्या मुलाला उलट कागद दिला, मराठीत. मुदत तीन वर्षं, फक्त भारत, फक्त जाहिरात, आणि तीही कशाची ते आधी सांगायचं. रॉयल्टीचा हक्क आमच्याकडेच. आजींच्या ओव्यांचे पैसे वेगळे. अकरा जणींची नावं. साडी नको. तो वाचून म्हणाला, “साहेबांना विचारून कळवतो.” पोरगा वाईट नव्हता, चहा घेऊन गेला.

रेकॉर्डिंग ज्याने स्वतः पुढाकार घेऊन केलं, त्यावर मालकी त्याची, असंही वकीलबाई म्हणाल्या होत्या. म्हणून मग एका मंगळवारी देवळाचं दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि भाचीच्या मोबाईलवर आम्हीच आजींच्या सतरा ओव्या रेकॉर्ड केल्या. मधे एकदा कुकरची शिट्टी आलीय शेजारून. तारीख घालून, सगळ्यांच्या सह्या घेऊन वही माझ्या कपाटात ठेवली आहे.

साहेबांचा फोन अजून आलेला नाही. दोघी-तिघी अधूनमधून साडीची आठवण काढतात, माझ्याकडे बघत.